घरातील धातू आणि हृदयाचे आरोग्य

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा पाठ)



समाजात कुणाला हृदयविकाराचा झटका आला की भेटीला येणारे नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात. मांसाहार नाही, मद्य नाही, आयुष्यात विडी-सिगारेटला हात लावला नाही, रात्रीचे भोजनसुद्धा नाही. मग हे झालेच कसे? या प्रश्नाचे बरेचसे उत्तर सरळ आहे. मधुमेह, वाढलेला रक्तदाब, दुकानाच्या गादीवर बसून गेलेली तीस-चाळीस वर्षे, तूप-साखरेचा मुक्त वापर आणि आनुवंशिकता ही कारणे शाकाहाराने पुसली जात नाहीत. परंतु या यादीत गेल्या काही वर्षांत वैद्यकशास्त्राने आणखी एका कारणाची भर घातली आहे, आणि त्याचा संबंध थेट स्वयंपाकघराशी, पाण्याच्या हंड्याशी, मसाल्याच्या डब्याशी येतो. जून २०२३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने एक शास्त्रीय निवेदन प्रसिद्ध करून शिसे, कॅडमियम आणि आर्सेनिक, म्हणजे आपल्याकडचा सोमल, यांचा दीर्घकाळ संपर्क हा हृदयरोगाचा धोका वाढवणारा घटक असल्याचे नमूद केले. कारखान्यातील कामगारांपुरता हा विषय उरलेला नाही. थोड्या प्रमाणात, वर्षानुवर्षे, नकळत शरीरात जाणाऱ्या धातूंचा तो विषय आहे.

नाशिककरांना धातूंची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही. गोदाकाठच्या भांडी बाजारातील हंडे, घागरी, पातेली आणि समया यांनी कितीतरी पिढ्यांचे संसार सजले. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या नाशिक जिल्हा गॅझेटियरमध्येही येथील तांबे-पितळेच्या कामाची नोंद आहे. समाजातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ या व्यापारावर चालत आला. जुन्या गृहिणींना त्यातील गुणदोष पुस्तकाविना ठाऊक होते. पितळेच्या पातेल्यात ताक ठेवू नये, चिंचेचे सार करू नये, ते ‘कळकते’, हे सासू सुनेला पहिल्याच आठवड्यात सांगत असे. कळकणे हा मराठीतील मोठा अर्थवाही शब्द आहे. आंबट पदार्थातील आम्लाने तांबे विरघळते, अन्नाला हिरवट झाक व उग्र चव येते, पोटात मळमळते, हे सारे रसायनशास्त्र त्या एका शब्दात आहे. त्यावर उपाय म्हणून कल्हई. भट्टीवर भांडे तापवून, नवसागराची पूड टाकून, कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने आतून चकचकीत थर चढवणारा कल्हईवाला गल्लीत आला की मुलांची गर्दी जमे. कल्हई उडाली की भांडे बाजूला ठेवायचे, हा शिस्तीचा भाग होता.

ही शिस्त जेथे सैल झाली तेथे काय घडले, याचा पुरावा फार दूरचा नाही. तो पुण्याचा आहे.

लहान मुलांचे यकृत कठीण होऊन ती दगावण्याचा एक विकार भारतात दीर्घकाळ होता. १८८७ साली कलकत्त्यात त्याचे वर्णन झाले, तरी पुढे जवळपास शंभर वर्षे त्याचे कारण सापडत नव्हते. महाराष्ट्रात ‘मुलाला लिव्हर झाले’ असे म्हणत, आणि ते वाक्य घरात उच्चारले गेले की सारे समजून चुकत. बाळ साधारण एक ते तीन वर्षांचे. किरकिर वाढलेली, पोट फुगलेले, बरगडीखाली हाताला लागणारे टणक यकृत, मग कावीळ, पोटात पाणी, आणि काही महिन्यांत शेवट. पुष्कळदा एकाच घरातील दुसरे मूलही तसेच जाई. कुणी विषाणूला दोष देई, कुणी धान्यावरील बुरशीला, कुणी घराण्याच्या रक्ताला. विशेष म्हणजे हा अत्यंत दरिद्री घरांचा आजार नव्हता. ज्या घरी दुभते होते आणि फडताळात पितळेची भांडी होती, अशा मध्यम स्थितीतील घरांतही तो मोठ्या संख्येने दिसे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण अतोनात वाढलेले असते या निरीक्षणाचा धागा धरला. हे तांबे येते कोठून? त्यांनी मातांना बाळाच्या दुधाविषयी विचारले. आईचे दूध लवकर सुटलेले, गाईचे अथवा म्हशीचे दूध सुरू झालेले, आणि ते दूध कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात तापवलेले व तासन्‌तास ठेवलेले, असे चित्र पुन्हा पुन्हा समोर आले. दुधातील केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवते. म्हणून साध्या पाण्यापेक्षा दुधात ते अधिक उतरते. १९८३ साली हे संशोधन ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे १९८७ मध्ये आजारी आणि निरोगी मुलांच्या आहाराची तुलना करून तोच निष्कर्ष अधिक पक्का करण्यात आला. तेच दूध पिणारी सारीच मुले आजारी पडत नव्हती, तेव्हा काही मुलांच्या शरीराची घडणही कारणीभूत असावी, ही शंका योग्यच आहे. पण भांडे बदलले आणि आजार ओसरला, ही वस्तुस्थिती कुणाला नाकारता आली नाही. डॉक्टरांनी गावोगावी पितळी भांड्यात बाळाचे दूध ठेवू नका असे सांगितले, बाजारात स्टेनलेस स्टील स्वस्त झाले, आणि एका पिढीत हा विकार इतका विरळ झाला की आजचे तरुण बालरोगतज्ज्ञ तो बहुधा पुस्तकातच वाचतात. ऑस्ट्रियातील टायरॉल प्रांतातही १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अशाच विकाराने दगावल्याचे पुढे उघड झाले. तेथेही दूध तांब्याच्या भांड्यात शिजवले जात होते.

हे सविस्तर सांगण्याचा हेतू तांब्याविषयी धास्ती निर्माण करण्याचा नाही. तांबे शरीराला अल्प प्रमाणात आवश्यकच असते. रात्रभर तांब्याच्या स्वच्छ कलशात ठेवलेले साधे पाणी प्रौढ माणसाने प्यायल्याने अपाय होत नाही. जागतिक आरोग्य संघटना पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत तांबे सुरक्षित मानते. त्या पाण्यात लिंबू पिळू नये, एवढेच. पुण्याच्या अनुभवातून घ्यायचे ते निराळेच. घरातील रोजची, पूज्य मानलेली वस्तू विष देत असेल तर ते डोळ्यांना दिसत नाही, आणि कुणीतरी भांड्याविषयी प्रश्न विचारीपर्यंत शंभर वर्षे निघून जातात.

हृदयाच्या बाबतीत तो प्रश्न आता शिशाविषयी विचारला जात आहे. तांब्याप्रमाणे शिशाचे शरीरात काही काम नाही. त्याचे रूप शरीराला कॅल्शियमसारखे भासते, म्हणून ते हाडांत शिरून बसते. प्रौढ माणसाच्या अंगातील नव्वद टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत असते. रक्तातील शिसे महिन्याभरात निम्मे होते. हाडांतील निम्मे व्हायला दहा, वीस, कधी तीस वर्षे लागतात. रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तर सैल व लवचिक ठेवणारा नायट्रिक ऑक्साईड हा वायू शिशामुळे कमी पडतो, वाहिन्या ताठर होतात, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंड थकते आणि त्यामुळे रक्तदाब आणखी चढतो. रोग्याला त्रास काहीच जाणवत नाही. रक्तदाबाची गोळी सुरू होते आणि कारणाचा विचार तेथेच थांबतो.

अमेरिकेत १४,२८९ प्रौढांच्या रक्तातील शिसे मोजून पुढे अनेक वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले. तो अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. रक्तात डेसिलिटरमागे १ मायक्रोग्रॅम शिसे असणाऱ्यांच्या तुलनेत ६.७ मायक्रोग्रॅम असणाऱ्यांना हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका ७० टक्के अधिक आढळला, आणि हृदयाच्या रोहिण्या आकसण्याच्या विकाराने येणाऱ्या मृत्यूचा तर दुपटीहून अधिक. काही दशकांपूर्वी हीच ६.७ ची पातळी कुणी विचारातही घेतली नसती. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते २०२१ साली जगभरात १५ लाखांहून अधिक मृत्यू शिशाच्या संपर्काशी जोडता येतात, आणि त्यांतील बहुतेक हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांतून घडतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने केवळ हृदयविकाराचाच आकडा ५५ लाखांवर नेला. गणिताच्या पद्धतीनुसार आकडे वेगळे येतात. त्यांतील लहानात लहान आकडाही झोप उडवणाराच आहे.

आज साठी-सत्तरीत असलेल्या पिढीला हा विषय अधिकच लागू पडतो. पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याची पद्धत देशभरात १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाली. जगात सर्वांत शेवटी ती अल्जीरियात २०२१ साली थांबली. मुंबई-आग्रा महामार्ग नाशिक शहराच्या मधून जातो. त्या रस्त्यावरच्या दुकानांत ज्यांनी उभे आयुष्य काढले, त्यांच्या हाडांत त्या काळच्या धुराचा काही अंश अजून असणार. उतारवयात हाडे झिजतात तेव्हा साठलेले शिसे पुन्हा रक्तात उतरते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये हे विशेष दिसते. गरोदरपणी तर ते आईच्या हाडांतून गर्भापर्यंत पोहोचते. रक्तात लोह आणि आहारात कॅल्शियम कमी असेल तर आतडे शिसे अधिक शोषून घेते. समाजातील स्त्रियांमध्ये रक्तक्षय किती आहे हे आरोग्य शिबिरांतील तपासण्या दरवर्षी सांगत असतात. त्या अहवालांकडे या दृष्टीनेही पाहिले पाहिजे.

कॅडमियमविषयी थोडक्यात सांगता येईल. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये ते प्रामुख्याने तंबाखूच्या धुरातून येते, मूत्रपिंडात दशकानुदशके साठते आणि रोहिण्यांना कठीण करते. घरात दुसरा कुणी धूम्रपान करीत असेल तर न ओढणाऱ्यालाही त्याचा वाटा मिळतो. आर्सेनिकचे उदाहरण मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहे. दक्षिण अमेरिकेतील चिली देशात अँटोफॅगास्टा शहराला १९५८ साली नव्या नदीचे पाणी मिळाले. त्यात आर्सेनिक प्रचंड होते. १९७० मध्ये ते काढणारे यंत्र बसले. मधल्या बारा वर्षांत तरण्या माणसांतही हृदयविकाराच्या झटक्याने होणारे मृत्यू वाढले. कर्करोगाची लाट त्याच्या पुष्कळ नंतर आली. हृदयाने आधी इशारा दिला होता. भारतात गंगेचे खोरे आणि छत्तीसगडमधील अंबागड चौकीचा परिसर या पाण्यासाठी कुप्रसिद्ध आहे.

येथे पाण्याविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. गाळलेले आणि उकळलेले पाणी पिण्याचा आपल्या घरांतील नियम जंतूंच्या दृष्टीने उत्तमच आहे. कावीळ आणि हगवणीपासून त्याने असंख्य घरे वाचवली असतील. परंतु पाण्यात विरघळलेला धातू वस्त्राने गाळला जात नाही आणि उकळण्याने मरतही नाही. उलट पाण्याची वाफ निघून जाते व धातू मागे राहतो. चार लिटर पाणी आटून तीन लिटर झाले तर प्रत्येक पेल्यातील धातू तेवढा वाढला. म्हणून कूपनलिकेचे पाणी वापरणाऱ्या बंगल्यांनी, संस्थांनी, धर्मशाळांनी ते एकदा प्रयोगशाळेत धातूंसाठी तपासून घ्यावे. भारतीय मानकानुसार लिटरमागे शिसे ०.०१ मिलिग्रॅम, आर्सेनिक ०.०१, कॅडमियम ०.००३ आणि पारा ०.००१ यापेक्षा अधिक नसावा. तपासणी सांगताना ‘धातूंसहित’ असे स्पष्ट सांगावे लागते. अन्यथा केवळ जंतू आणि क्षारांचा अहवाल हाती पडतो.

आता मसाल्याचा डबा. कंदमूळ वर्ज्य मानणाऱ्या घरांतही वाळवलेली हळद चालते आणि रोज चालते. हळकुंडाला तकतकीत पिवळा रंग यावा म्हणून त्यावर लेड क्रोमेट हे शिसेयुक्त रंगद्रव्य चोळण्याचा दुष्ट प्रकार दक्षिण आशियात आढळला आहे. बांगलादेशात २०१९ नंतर शासनाने धाडी घातल्या, दंड केले, लोकांना जागे केले आणि दोन वर्षांत बाजारातील अशी हळद जवळपास नाहीशी झाली. काम मनावर घेतले तर किती लवकर होते, याचे हे दुर्मीळ उदाहरण. भारतातील काही शहरांच्या बाजारांतूनही अशी हळद मिळाल्याचे अभ्यास प्रसिद्ध झाले आहेत. खात्रीच्या व्यापाऱ्याकडून फिकट का होईना पण न रंगवलेले हळकुंड घेऊन दळून आणणे हा जुना रिवाज येथे उपयोगी पडतो.

वर्खाविषयी समाजात चर्चा होते ती अहिंसेच्या अंगाने, आणि ते योग्यच आहे. २०१६ मध्ये केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने खाद्य वर्खाच्या निर्मितीत कोणत्याही टप्प्यावर प्राणिजन्य वस्तू वापरण्यास मनाई केली, हे बहुतेकांना ठाऊक आहे. त्याच्या शुद्धतेची बाजू मात्र दुर्लक्षित राहिली. लखनौच्या विषविज्ञान संशोधन संस्थेने बाजारातील वर्ख तपासले तेव्हा निम्म्याहून अधिक नमुने अपेक्षित ९९.९ टक्के शुद्धतेला उतरले नाहीत. शिसे, निकेल, कॅडमियम, क्रोमियम असे धातू त्यांत सापडले, आणि काही वर्ख तर चांदीचे नसून ॲल्युमिनियमचे निघाले. सणावाराला एखाद्या बर्फीवर लावलेल्या वर्खाने कुणाचे हृदय बंद पडत नाही. पण ज्याचा शरीराला काहीच उपयोग नाही, तो पदार्थ लहान मुलांच्या ताटात मुद्दाम वाढण्याचे कारणही दिसत नाही.

जुन्या पितळेइतकेच नव्या भांड्यांकडेही लक्ष हवे. भंगारातून ओतलेल्या ॲल्युमिनियमच्या आणि हिंडालियमच्या काही भांड्यांतून स्वयंपाकात शिसे उतरते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला, आणि त्यात भारतात बनलेल्या भांड्यांचाही समावेश होता. कढी, टोमॅटोचे सार, चिंच घातलेली आमटी अशा भांड्यांत मुळीच करू नये. पारंपरिक औषधांविषयी बोलणे नाजूक आहे, तरी टाळता येत नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे पाचव्या हिश्शात शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. शास्त्राला हा दोष देता येणार नाही. परंतु लेबल नसलेल्या पुडीतील भस्म, कुणीतरी परगावाहून आणलेले म्हणून, महिनोन्‌महिने घेणे धोक्याचे आहे. गोरेपणाच्या काही मलमांतून पारा शरीरात जाऊन मूत्रपिंडे बिघडल्याचा प्रकार महाराष्ट्रातच, अकोल्यात, घडला आहे.

हे सारे ऐकल्यावर शरीरातील धातू धुऊन काढता येतील का, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. शहरोशहरी ‘बायपासविना हृदयशुद्धी’ अशा आशयाच्या जाहिराती त्याच विचारावर जगतात. शिरेतून ईडीटीए नावाचे द्रव्य देऊन धातू लघवीवाटे बाहेर काढण्याच्या या पद्धतीला चिलेशन म्हणतात. पद्धत खोटी नाही. पुण्याच्या त्या यकृतग्रस्त मुलांपैकी काहींना, वेळेत आल्यास, पेनिसिलामाइन या धातू काढणाऱ्या औषधाने वाचवता आले होते, आणि शिशाच्या तीव्र विषबाधेत असे औषध जीव वाचवते. प्रश्न हृदयरोगाचा आहे. त्यासाठी पूर्वी झटका येऊन गेलेल्या १,७०८ रुग्णांवर अमेरिका-कॅनडात चाचणी झाली. २०१३ मधील तिच्या निष्कर्षात पुढील हृदयविकारांत १८ टक्के घट दिसली, विशेषतः मधुमेहींमध्ये, आणि जगभर आशा पालवल्या. म्हणून केवळ मधुमेही रुग्णांवर दुसरी चाचणी घेण्यात आली. २०२४ मध्ये तिचा निकाल आला. रक्तातील शिसे ६१ टक्क्यांनी उतरले. झटके, पक्षाघात आणि मृत्यू मात्र दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच राहिले. चाळीस बाटल्या शिरेतून घेऊनही लाभ नाही. वर्षानुवर्षे रोहिण्यांचे झालेले नुकसान रक्त स्वच्छ केल्याने भरून निघाले नाही. ॲन्जिओग्राफीत अडथळे निघालेल्या घरच्या वडीलधाऱ्यांना अशा उपचारासाठी नेऊन, लाखो रुपये खर्चून, चालू गोळ्या बंद करणे म्हणजे जीवाशी खेळ आहे. रक्तदाबाची, मधुमेहाची आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालूच ठेवावी लागते.

बाहेर काढता येत नाही तर आत जाऊ न देणे, एवढाच मार्ग उरतो, आणि येथे समाजातील भांडी व्यापाऱ्यांच्या हाती पुष्कळ आहे. पितळ हे तांबे व जस्ताचे मिश्रण. पण नवे पितळ बहुधा जुन्या मोडीतून ओतले जाते. त्या मोडीत नळ, तोट्या, डाग दिलेले जुने सांधे, यंत्रांचे भाग, काहीही असते, आणि त्यांतले शिसे नव्या पातेल्यात येते. कल्हईचेही तसेच. शुद्ध कथील २३२ अंशांवर वितळते, शिसे मिसळलेले १८३ अंशांपर्यंत खाली येते. ते स्वस्त पडते आणि झरझर पसरते. चकाकी दोन्हींची सारखीच, ग्राहकाला काहीच उमगत नाही. कथील विकत घेताना शुद्धतेची लेखी हमी मागणे, स्वयंपाकाच्या भांड्यांसाठी अनोळखी मोड न वापरणाऱ्या कारखानदाराकडूनच माल उचलणे, शोभेच्या वस्तूवर ‘अन्नासाठी नाही’ असे स्पष्ट लिहिणे, हे दुकानदाराला अवघड नाही. सोन्याचा कस पाहण्यासाठी सराफांकडे क्ष-किरणांवर चालणारी जी कॅरेट यंत्रे असतात, त्याच तत्त्वावर चालणारे यंत्र पितळेतील आणि कल्हईतील शिसेही काही क्षणांत दाखवते. मात्र त्या धातूसाठी ते जुळवलेले असावे लागते. सराफ बाजार ते भांडी बाजार हे अंतर पायी काही मिनिटांचे आहे.